तलावाचा काठ वाचवायचा असेल तर: गावात बसून करता येईल असं काम, क्रमाने

तलाव बघायला आलेला माणूस पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, उभा राहतो. साहेब आले तरी तिथंच, पाहुणे आले तरी तिथंच. पाळीजवळ पाणी खोल असतं, त्यात आभाळ छान उतरतं आणि गाडी तिथवर जाते. मीसुद्धा पहिली काही वर्षं दुर्बीण घेऊन पाळीवरच बसायचो आणि 'आज विशेष काही नाही' असं वहीत लिहून घरी यायचो.

एका श्रावणात गावातल्या एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, बाबाजींनी मला डोंग्यात बसवलं आणि पलीकडच्या टोकाला नेलं. तिथं पाणी मांडीएवढंही नव्हतं. देवधानाच्या ताटव्यात डोंगा शिरला तसा एक कमळपक्षी पानांवरून तुरुतुरु पळाला. बाबाजींनी वल्हं थांबवलं आणि बोटानं दाखवलं. पाण्याच्या वरच्या थरात जिऱ्याएवढ्या, केशरी पिल्लांचा एक गोळा हलत होता, उकळत्या वरणासारखा वरखाली होत. मरळीची पिल्लं. खाली कुठंतरी मरळ पहाऱ्यावर असणार. बाबाजी म्हणाले, "गुरुजी, मासा पान्यात नाई ऱ्हायत, गवतात ऱ्हायते."

हा लेख त्या वाक्याभोवती आहे. तलावाचं पाणी वाचवायला सगळे तयार असतात, उथळ काठाला मात्र वाली नसतो. तो कुणाला चिखल वाटतो, कुणाला पडीक जमीन, कुणाला 'विकासाला वाव'. खोलीकरणात पहिला तोच जातो आणि सुशोभीकरणात त्याच्यावर दगड बसतात. माझा अनुभव गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मालगुजारी तलावांचा आहे, म्हणून उदाहरणं तिथली. तुमच्याकडे पाझर तलाव असेल, गावतळं असेल किंवा धरणाच्या फुगवट्याचा कोपरा असेल, तर झाडांची नावं बदला, क्रम तोच ठेवा. खाडीकाठच्या खाजणांचं गणित वेगळं आहे, ते यात धरलेलं नाही.

मालगुजारी तलाव म्हणजे काय, हे आधी

पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून धानासाठी तलाव बांधले गेले. त्यात कोहळी समाजाचा हात मोठा. उताराची जमीन हेरायची, खालच्या बाजूला मातीची पाळ घालायची आणि वरच्या जंगलातून येणारं पाणी अडवायचं. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आजही सांगतात. पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी जायला सांडवा, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. मासेमारी ढिवरांकडे. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. दर उन्हाळ्यात गाळ काढणारं, पाळीवर माती टाकणारं गाव हळूहळू बाजूला झालं. पाणी एका खात्याचं, मासे दुसऱ्याचे, काठाची जमीन तिसऱ्याची अशी वाटणी झाली, आणि तीच आजही आपल्या वाटेत येते.

महाराष्ट्रात रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, पाणथळं तीन आहेत: नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी. तिन्ही मोलाची. त्यातलं नांदूर मधमेश्वर मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ते मुळात शेतीच्या पाण्यासाठी गोदावरीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेल्या बंधाऱ्याचं पाणी. गाळ साचला, बेटं झाली, उथळ पाणी पसरलं, गवत आलं आणि मग पक्षी आले. माणसानं बांधलेलं पाणीही जिवंत पाणथळ होतं, अट एवढीच की त्याला उथळ जागा मिळाली पाहिजे.

पहिलं काम: वर्षभर नुसतं बघा, पण मोजून

एकदम फावडं घेऊन उतरू नका. एक वही करा आणि महिन्यातून दोनदा, ठरलेल्या तारखांना, तलावाला पूर्ण फेरी मारा. फेरी पाळीकडून सुरू करू नका. जिथून ओढा तलावात येतो त्या टोकाकडून सुरू करा, म्हणजे दमायच्या आत महत्त्वाचा भाग बघून होतो.

वहीत चार गोष्टी पुरतात.

पाण्याची उंची. तुडुमाच्या दगडावर ऑइल पेंटनं दर १० सेंटिमीटरला रेघ मारून घ्या. आधी संबंधित खात्याला आणि ग्रामपंचायतीला सांगून मारा, नाहीतर 'सरकारी बांधकाम विद्रूप केलं' म्हणून ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकलंय.

पाण्याचा गढूळपणा. याला प्रयोगशाळा लागत नाही. स्टीलच्या डब्याचं साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं झाकण घ्या. त्याचे चार भाग करून दोन पांढरे, दोन काळे रंगवा, मध्ये भोक पाडून दोरी ओवा आणि खाली वजनाला दगड बांधा. दोरीला दर १० सेंटिमीटरला गाठ. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान डोंग्याच्या सावलीच्या बाजूनं झाकण पाण्यात सोडायचं. ते दिसेनासं झालं की खोली मोजा, मग हळूहळू वर ओढा, पुन्हा दिसलं की मोजा. दोन्हीची सरासरी वहीत. पाचवीतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात, कारण त्यांना घाई नसते. महिन्यामागून महिने आकडा कमी होत असेल तर तळाची झाडं संपत चालली आहेत किंवा वरून माती येते आहे.

कोणती झाडं कुठं. याबद्दल खाली सविस्तर.

कोण काय करतंय. गुरं किती उतरली, जाळी कुणाची, कपडे कुठं धुतात, शिंगाडा कुणी लावलाय, मुरूम कुठून उचलला, ट्रॅक्टर कुठून उतरला. नावं लिहू नका, जागा आणि तारीख लिहा. वही उद्या दहा जणांसमोर उघडायची आहे.

याशिवाय तीन-चार जागा ठरवून दर वेळी तिथूनच, त्याच दिशेला तोंड करून मोबाइलवर फोटो काढा. एखादा खडक, एखादं मोहाचं झाड खूण म्हणून धरा. पाच वर्षांनी हे फोटो तुमच्या कोणत्याही भाषणापेक्षा जास्त कामाला येतात.

दुसरं काम: काठाचे पट्टे ओळखा

काठ म्हणजे एक रेघ नव्हे. धानाच्या बांधीपासून खोल पाण्यापर्यंत चालत गेलात तर पायाखाली चार वेगळ्या दुनिया येतात.

सगळ्यात बाहेर ओली, गवताळ जमीन. हिवाळ्यात पाणी मागं सरकतं तसा इथं चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या चोचीनं टोचत फिरतात. सारसही याच पट्ट्यात आणि लगतच्या बांध्यांत वावरतो. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्यातच उरलाय, तोही मोजक्या जोड्यांत. त्यामुळे इथल्या काठाचा प्रश्न हा सारसाचाही आहे.

त्याच्या आत उभी झाडं: लव्हाळे, पाणकणीस, देवधान. देवधान म्हणजे रानटी भात. दाणे पिकले की लगेच गळतात म्हणून ते वाकवून झोडावं लागतं. नांगर न लावता उगवलेलं म्हणून ऋषिपंचमीला चालतं आणि बाजारात चांगला भाव खातं. जांभळी पाणकोंबडी या पट्ट्यात घर करते.

मग पानं तरंगणारी झाडं: कमळ, कुमुद, शिंगाडा. हा कमळपक्ष्याचा आणि काणूक बदकाचा पट्टा.

सगळ्यात आत, पूर्ण बुडालेली झाडं. पाळीवरून ही दिसतच नाहीत, त्यामुळे ती गेली तरी कुणाला कळत नाही. खरं तर तलावाची किल्ली यांच्याकडे आहे. त्यांची मुळं तळाचा गाळ धरून ठेवतात, म्हणून पाणी निवळ राहतं, आणि पाणी निवळ असतं म्हणून ऊन तळापर्यंत पोचून ही झाडं वाढतात. एकदा हे चक्र तुटलं की उलटं फिरतं. झाडं गेली, गाळ उसळला, पाणी गढूळ झालं, ऊन पोचेना, म्हणून नवी झाडं येईनात. नुसतं 'तलावाला हात लावू नका' म्हणून असा तलाव परत येत नाही, हे त्यामागचं कारण.

आता माशांचं बघा. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, बंद तलावात ती घालत नाहीत. म्हणून मच्छीमार संस्थेला दर वर्षी बीज विकत आणून सोडावं लागतं. मरळ, शिंगी, मागूर हे इथलेच. काठाच्या गवतात त्यांची वीण होते, बीजाचा खर्च शून्य आणि बाजारात भाव रोहूपेक्षा चढा. काठ साफ केला की हे फुकटचं पीक बुडतं. गावच्या सभेत मी सारसाचं नाव शेवटी घेतो, मरळीचं पहिलं.

तिसरं काम: कागद गोळा करा

कंटाळवाणं आहे, पण भांडण उभं राहायच्या आधी करायचं काम हेच.

तलावाचा गट क्रमांक शोधून सातबारा काढा. क्षेत्र किती, भोगवटादार म्हणून कुणाचं नाव, इतर हक्कात काय लिहिलंय ते बघा. गावनकाशाची प्रत घ्या आणि नकाशावरचा तलाव व आजचा तलाव यांची प्रत्यक्ष फिरून तुलना करा. पाणी नसलेल्या महिन्यांत काठच्या बांध्या दर वर्षी नांगराच्या एका-एका तासानं पुढं सरकतात. पाच-दहा वर्षांत तलावाचा अख्खा कोपरा शेत झालेला असतो आणि सगळ्यांना ते पूर्वीपासून तसंच असल्यासारखं वाटतं.

विदर्भातल्या वाचकांसाठी दोन खास कागद: निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ खाली ते येतात. निस्तारपत्रकात गावाच्या मोकळ्या सरकारी जमिनीचा वापर कसा व्हायचा ते लिहिलेलं असतं. वाजिब-उल-अर्जात पाणी, वाट, मासेमारी यांच्या जुन्या वहिवाटी. जुनी मोडी किंवा हिंदी वळणाची नोंद असेल तर घाबरू नका, तालुक्याला एखादा निवृत्त तलाठी सापडतोच आणि त्याला कुणी विचारलं याचाच आनंद होतो.

तलाव वनक्षेत्रात किंवा त्याला लागून असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याकडे वळा. कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे.

शेवटचा कागद लोकजैवविविधता नोंदवही. जैवविविधता कायदा २००२ चा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं ही नोंदवही करायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती एजन्सीकडून लिहून घेतलेली असते आणि शेजारच्या तीन गावांच्या नोंदवहीत त्याच क्रमानं तीच झाडं सापडतात. तुमच्या गावची उघडून बघा. देवधान, मरळ, कमळ यांची नोंद नसेल तर समितीच्या बैठकीत ठराव करून घाला. वर्षभराची तुमची वही इथं पहिल्यांदा उपयोगी पडते.

कायदा कुठं साथ देतो, कुठं नाही

पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियम २०१७ चे आहेत. त्यांत अतिक्रमण, घनकचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, तसंच गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम, याला मनाई आहे. छान. पण याच नियमांच्या व्याख्येत सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठागरासाठी खास बांधलेली पाणी साठवणूक वगळली आहे. मालगुजारी तलाव सिंचनासाठीच बांधलेले. म्हणजे समोरचा अधिकारी कलम दाखवून हात झटकू शकतो.

त्याला उत्तर आहे. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या पाणथळांचा नकाशासंग्रह २०११ मध्ये तयार केला. त्यात सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठी २,०१,५०३ पाणथळं मोजली गेली. या सगळ्यांना आधीच्या, २०१० च्या पाणथळ नियमांतल्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये दिला आहे. तुमचा तलाव त्या नकाशात आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून माहिती अधिकारात विचारा: 'आमच्या गावातील अमुक गटातील तलाव सदर यादीत समाविष्ट आहे काय, असल्यास प्रत्यक्ष पडताळणीच्या अहवालाची प्रत द्यावी.' अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एका अर्जात एकच तलाव घ्या. पाच प्रश्न कोंबले की त्यातल्या सोप्याचंच उत्तर येतं.

आणि हे काही नसलं तरी गावाचं सामाईक पाणी भरून टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल गावतळ्यावरच्या अतिक्रमणाविरुद्धच आहे. अर्जात त्याचा उल्लेख एका ओळीत करा, जास्त कायदा पाजळू नका.

चौथं काम: बेशरम काढणं

काठ गिळणाऱ्यांत पहिला नंबर बेशरमाचा. मूळचं उष्ण अमेरिकेतलं झाड, जांभळट गुलाबी भोंग्यासारखी फुलं, पोकळ दांडे. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावलं, आणि कुंपणावरून ते तलावात उतरलं. कापलेला दांडा चिखलात पडला की त्याला मुळं फुटतात. नावातच सगळं आलं.

काढायचं एप्रिल-मे महिन्यात, पाणी मागं गेलेलं असताना. वरून कापण्यात अर्थ नाही, कुदळीनं खोदून मुळासकट उपटायचं. चीक त्रास देतो, म्हणून हातमोजे घाला, नसतील तर निदान जुनं फडकं गुंडाळा आणि डोळ्याला हात लावू नका. उपटलेलं झाड तिथंच टाकायचं नाही, पाळीच्या उतारावरही नाही. पूररेषेच्या वर, कोरड्या माळावर नेऊन पसरायचं. मेच्या उन्हात पंधरा दिवसांत वाळतं. पहिल्या वर्षी आम्ही ढीग काठाजवळच लावला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत पाणी चढलं, ढीग तरंगत तलावभर फिरला आणि दिवाळीपर्यंत जिथं कधीच नव्हतं तिथंही बेशरम दिसायला लागलं. त्या दिवशी बाबाजी काही बोलले नाहीत, नुसते हसले.

पावसानंतर, साधारण ऑक्टोबरमध्ये, पुन्हा फेरी मारून नवे फुटवे हातानं उपटा. ओली जमीन असते, सहज निघतात. असं सलग तीन वर्षं धरून चाला. रोजगार हमीतून हे काम घेता येतं का, यासाठी डिसेंबर-जानेवारीतच ग्रामसेवकाकडे बसा, कारण कामांचा आराखडा आधी ठरतो आणि मे महिन्यात विचारलं तर उशीर झालेला असतो.

जलपर्णीचं थोडक्यात: फूल यायच्या आत काढा, बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. आणि ती वाढतेय म्हणजे कुठूनतरी सांडपाणी किंवा खताचं पाणी येतंय. ते तोंड शोधल्याशिवाय काढत बसणं म्हणजे मजुरी पाण्यात.

पाचवं काम: झाडं परत लावणं

बेशरम काढलं, पण रिकामी जागा तशीच सोडली तर पुढच्या वर्षी तिथं बेशरमच येतं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर महिलांच्या गटांसोबत तलावांत पाणवनस्पती परत लावण्याचं काम केलं आहे. कोणत्या तलावात कोणती झाडं, कोणते मासे होते हे त्या बायकांना आणि जुन्या ढिवरांना तोंडपाठ असतं. आम्हीही यादी पुस्तकातून केली नाही, गावच्या पारावर बसून केली.

पद्धत अशी. पावसाच्या तोंडावर, उघड्या पडलेल्या उथळ तळावर ट्रॅक्टरनं हलकी नांगरणी करून घ्या. तळ वर्षानुवर्षं तुडवला जाऊन टणक झालेला असतो, त्यात मूळ शिरत नाही. मग पाणी घोट्याएवढं चढलं की लावणी. रोपं शेजारच्या चांगल्या तलावातून आणायची, त्या गावाला विचारून, आणि एका जागचं सगळं उपटायचं नाही. बुडणाऱ्या झाडांच्या जुड्या करून मुळाशी चिखलाचा गोळा बांधायचा आणि तो हातानं तळात दाबायचा. कुमुदाचे कंद बांबूच्या खुंटीला सैल बांधले की लाटेनं वर येत नाहीत. आणलेलं सगळं आधी घमेल्यात धुवून घ्या. जलपर्णीचं एखादं बारीक रोप त्यात लपलेलं असतंच.

किती पाण्यात काय लावायचं, याचा साधा नियम: घोटा ते गुडघा देवधान आणि लव्हाळे, गुडघा ते कंबर कुमुद, त्यापुढं बुडणारी. पाणकणीस मुद्दाम लावू नका, ते आपोआप येतं आणि आलं की ऐकत नाही.

लावणीनंतर खरा धोका माशांचा. गवत्या मासा झाडं खातो. सायप्रिनस नावाचा मासा तळ उकरतो आणि गाळ उसळवतो. एकीकडे आपण झाडं लावायची आणि दुसरीकडे संस्थेनं हे दोन मासे सोडायचे, असं झालं तर मेहनत सप्टेंबरपर्यंतही टिकत नाही. मच्छीमार संस्थेशी बोलणं म्हणूनच लावणीच्या आधी हवं. आमच्याकडे तोडगा असा निघाला: दोन वर्षं या दोन जाती सोडायच्या नाहीत, ओढ्याच्या तोंडाचा भाग जुलै-ऑगस्टमध्ये जाळ्यासाठी बंद, आणि मरळीची पिल्लं घोळक्यात दिसत असताना तिच्यावर गळ टाकायचा नाही. लेखी करार केला नाही. संस्थेच्या रजिस्टरमध्ये ठराव लिहिला, तो जास्त पाळला जातो.

गाळ काढायला मशीन आलं तर

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे. गाळ शेतात जाणं चांगलंच, इकडचे शेतकरी पूर्वी बैलगाडीनं तेच करायचे. प्रश्न मशीनच्या हाताचा आहे. चालकाला हिशेब घनमीटरचा द्यायचा असतो, त्यामुळे तो जिथं सोपं तिथं खणतो, आणि सगळ्यात सोपा असतो उथळ, कोरडा काठ.

मशीन उतरायच्या आधी चुना घेऊन स्वतः तलावात जा आणि हद्दी आखा. ओढा येतो त्या बाजूचा साधारण एक तृतीयांश तळ वगळा. पाळीच्या पायथ्यापासून भरपूर अंतर सोडा, किती ते शाखा अभियंत्याकडून लेखी घ्या. पायथा उकरला की पाळ खचते. खड्ड्याच्या कडा सरळ भिंतीसारख्या ठेवू देऊ नका, गुरं आणि मुलं बुडतात. उतार असा हवा की म्हातारी बाई घागर घेऊन चढून येऊ शकेल. काळा गाळ संपून खालची घट्ट पिवळी माती लागली की थांबा. तो पाणी धरणारा थर आहे, तो फोडला तर तलाव गळतो. आणि खणलेलं काठावर ढिगानं ठेवू देऊ नका, पहिल्या पावसात ते आत येतं.

हे सगळं चालकाला सांगायला तिथं कुणीतरी रोज हजर लागतं. दुपारच्या जेवणाच्या वेळेलासुद्धा.

सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला तर

नुसता विरोध केला तर तुम्ही विकासविरोधी ठरता, म्हणून बदललेला आराखडा हातात घेऊनच सभेला जा. दगडी अस्तर हवं तर फक्त पाळीला. फिरायची वाट पाळीवर किंवा पूररेषेच्या बाहेर ५० मीटरवर. ओढ्याच्या बाजूला वाट, दिवे, कारंजं, सिमेंटचा बाक यातलं काही नको. घाट बांधायचा तर गणपती विसर्जनासाठी वेगळा कुंड मागा, तो पैसा त्याच कामात बसतो. सरपंचाला फोटोसाठी जागा हवी असते, ती पाळीवर द्या.

मोजणी

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात ती १९८७ पासून चालू आहे आणि त्यात गावचे हौशी लोकही मोजतात. तुमचा तलाव तिच्यात घाला. एकच सकाळ, त्याच जागा, त्याच क्रमानं. थवा मोठा असेल तर दहाचा गट नजरेत धरा आणि असे किती गट बसतात ते मोजा. ओळख पटली नाही तर 'बदक, जात नक्की नाही' असं लिहा, अंदाज घुसडू नका. नोंदी ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावरही टाका, म्हणजे वही वाळवीनं खाल्ली तरी आकडे राहतात.

भराव पडायला लागला तर

आधी पुरावा: फोटोत तारीख आणि जागेचे अक्षांश-रेखांश उमटतील असं अॅप वापरा. वाहन दिसलं तर क्रमांक, पण एकट्यानं अडवायला जाऊ नका. त्याच दिवशी ग्रामपंचायत आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना. अर्जाला सातबारा, गावनकाशाची प्रत आणि ठरलेल्या जागेवरून काढलेले जुने-नवे फोटो जोडा.

आठ-दहा दिवसांत हालचाल नाही झाली तर स्मरणपत्र, आणि सोबत माहिती अधिकारात 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची प्रत' मागा. तरीही काही नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं पश्चिम पीठ पुण्यात आहे. तिथं पर्यावरणाच्या वादाचा अर्ज करायची मुदत कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. गावात समजुतीच्या बैठका, 'बघतो', 'पाठवतो' यात सहा महिने सहज जातात. बैठका घ्या, पण पहिली टिप्पर माती टाकताना दिसली ती तारीख त्याच संध्याकाळी वहीत लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या.